ओलं असताना गायब, वाळलं की हजर: ओट्यावरचे आणि फरशीवरचे पांढरट चट्टे

तक्रार बहुतेक घरांतून एकाच शब्दांत येते: "पुसलं की जातात, पण वाळलं की परत दिसतात." काळ्या ओट्यावर सिंकच्या कडेने पांढरट पट्टा, देवघरासमोरच्या मार्बलवर समईच्या बुडाएवढं निस्तेज वर्तुळ, तळमजल्यावरच्या कोटा फरशीच्या सांध्यांत पिठासारखी भुकटी. उपायही ठरलेले असतात. लिंबाची साल, व्हिनेगर, चिंच, आणि कशानेच जमलं नाही की बाथरूममधली ॲसिडची बाटली. ॲसिड टाकलं की फेस येतो, घाण निघतेय असं वाटतं, ओला दगड छान काळाभोर दिसतो. तासाभराने वाळल्यावर चट्टा आधीपेक्षा मोठा झालेला असतो.

तो फेस घाणीचा नसतो. दगड विरघळताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याचे ते बुडबुडे. म्हणून हात लावण्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या: दगड कोणता आहे, आणि चट्टा दगडावर बसलाय, दगडात शिरलाय की दगडच खाल्ला गेलाय. एवढं कळलं की निम्मं काम झालं, कारण एका दुखण्याचं औषध दुसऱ्यावर चालत नाही, उलट बाधतं.

ओलं केल्यावर का जातं?

पॉलिश केलेल्या दगडावर वॉर्निशसारखा थर असतो असा समज आहे. बहुतेक वेळा तसं काही नसतं. दगड बारीक, मग आणखी बारीक घासत नेऊन इतका गुळगुळीत केलेला असतो की प्रकाश त्यावरून सरळ परत येतो. त्यालाच आपण चमक म्हणतो. पृष्ठभाग खडबडीत झाला की प्रकाश विखुरतो आणि ती जागा पांढरट दिसते. पाणी त्या बारीक खड्ड्यांत भरलं की पृष्ठभाग तात्पुरता सपाट होतो. दुधी काचेवर पाणी मारल्यावर आरपार दिसायला लागतं ना, अगदी तसं. वाळलं की खड्डे उघडे पडतात.

घोळ असा आहे की क्षारांचं पुट, साबणाचा पातळ थर आणि खालून वर आलेला खार हे तिन्ही ओले केल्यावर असेच नाहीसे होतात. तेव्हा "ओलं केलं की जातं" एवढ्यावरून निदान होत नाही.

दगड ओळखा

घरातले पॉलिशचे दगड ढोबळमानाने दोन घराण्यांतले. मार्बल, कोटा, शहाबादी आणि काळा कडाप्पा हे चुन्याच्या घराण्यातले, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. राजस्थानातल्या मकरान्याचा पांढराशुभ्र मार्बल आणि जुन्या वाड्यांत, चाळींत दिसणारी करडी शहाबादी फरशी दिसायला कितीही वेगळ्या असोत, आम्लापुढे दोघींचं वागणं सारखंच. ग्रॅनाइटचं घराणं निराळं. त्यात फेल्डस्पार, क्वार्ट्झ अशी कठीण खनिजं असतात आणि लिंबू-चिंचेने त्यांचं काही बिघडत नाही. बाजारात "काळा ग्रॅनाइट" म्हणून मिळतो तो भूशास्त्रज्ञांच्या भाषेत बरेचदा ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. आंध्रातल्या चिमाकुर्तीचा सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सीही त्यातलाच. पण घरकामाच्या दृष्टीने तो ग्रॅनाइटसारखाच धरावा.

गोंधळ होतो तो काळ्या ओट्याबाबत. कडाप्पा आणि काळा ग्रॅनाइट दोन्ही काळे, दोन्ही गुळगुळीत. भाड्याच्या किंवा जुन्या घरात ओटा कोणी कधी बसवला हे माहीत नसतं. अशा वेळी सिलिंडरच्या मागे किंवा मिक्सर ठेवायच्या कोपऱ्यात, जिथे नजर जात नाही अशा जागी लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका, पाच मिनिटांनी पुसा, वाळू द्या आणि तिरकं पाहा. डाग पडला तर दगड चुन्याचा. जशीच्या तशी चमक राहिली तर ग्रॅनाइट. ही परीक्षा खूण सोडते, म्हणून ती भर ओट्यावर करायची नाही.

तिसरा प्रकार हल्लीच्या मॉड्युलर किचनमधला: कारखान्यात तयार होणारा क्वार्ट्झ. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झची चूर असते आणि बाकी रेझिन, म्हणजे ती चूर धरून ठेवणारं प्लास्टिकसारखं द्रव्य. लिंबाने त्याला सहसा काही होत नाही, पण गरम कढई थेट ठेवली की रेझिन करपतं आणि पिवळट-पांढरट कडी उमटते. ती घरच्या उपायांनी निघत नाही. तिथे तिवई किंवा लाकडी पाट हाच इलाज.

टॉर्च आणि नख

आता चट्ट्याकडे. खोलीतले दिवे बंद करा, फोनचा टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि चट्ट्याकडे प्रकाश टाका. वरून दिवा असताना जे दिसत नाही ते या आडव्या प्रकाशात लख्ख दिसतं. चट्ट्याची कडा उठावदार असेल, त्यावर नख अडकत असेल, जुन्या एटीएम कार्डाने खरवडल्यावर पांढरी भुकटी निघत असेल तर ते पाण्यातल्या क्षारांचं पुट आहे. कडा उठलेली नाही, आतला भाग फक्त निस्तेज आहे, बोट फिरवलं की किंचित खरखर लागते आणि खरवडून काहीच निघत नाही, तर दगड आम्लाने खाल्ला गेलाय. फडक्याचे अर्धगोल फराटे दिसत असतील तर साबणाचा किंवा फ्लोअर क्लीनरचा थर. आणि भुकटी सांध्यांच्या आसपास असून हाताला कोरडी, मिठासारखी लागत असेल तर खार.

आकारही बरंच सांगतो. नीट गोल कडी म्हणजे भांड्याचं बूड. एका बाजूला ओघळलेला चट्टा म्हणजे सांडलेलं काहीतरी. नळाभोवती किंवा माठाखाली असेल तर क्षार.

आम्लाने खाल्लेला दगड

सगळ्यांत जास्त घरांत हेच निघतं, आणि सगळ्यांत जास्त चुकीचे उपचारही यावरच होतात. आपल्या स्वयंपाकात आम्ल सगळीकडे आहे: लिंबू, चिंचेचा कोळ, आमसूल, ताक, दही, टोमॅटो. कोकणात, गोव्यात सोलकढीची वाटी मार्बलच्या टेबलावर ठेवून उचलली की खाली जी कडी राहते ती कोकमाच्या रंगाची नसून आम्लाची असते. रंग पुसला जातो, कडी राहते. देवघरासमोर पंचामृतातलं दही सांडतं. आणि एक कारण सहसा लक्षात येत नाही: समई, ताम्हन, तांब्या चिंचेने किंवा पितळेच्या पावडरीने घासून, नीट न धुता ओलेच मार्बलवर ठेवले जातात. त्या पावडरींत आम्ल असतं. बुडाला राहिलेलं पाणी काही मिनिटांत काम करतं. दर सणाला समई घासली जाते आणि दर सणाला वर्तुळ थोडं ठळक होतं, म्हणून घरातल्यांना वाटतं की डाग "परत येतोय".

यावर साबण, सोडा, घासणी काहीही चालवू नका. काढायला तिथे काही नाहीच. पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत करावा लागतो. पॉलिशच्या मार्बलवरचा उथळ चट्टा, ज्यात नख अडकत नाही, तो घरी दुरुस्त होतो. हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन मार्बल पॉलिशिंग पावडर मिळते. चट्ट्यावर चमचाभर पावडर, थोडं पाणी, शिकरणीएवढं दाट, आणि जाड सुती कापडाच्या किंवा फेल्टच्या गोळ्याने दाब देऊन गोल गोल घासायचं. हात भरून येईपर्यंत घासावं लागतं. मध्ये सुकायला लागलं तर पाण्याचा शिपका द्या. मग भरपूर पाण्याने धुऊन, कोरडं करून पुन्हा आडव्या टॉर्चने पाहा. फरक दिसला पण पूर्ण गेलं नाही तर परत करा.

या पावडरींत बरेचदा ऑक्झॅलिक ॲसिड असतं आणि वाचक विचारतील की मग ॲसिड कसं चाललं. ऑक्झॅलिक ॲसिड मार्बलशी मिळून कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार करतं, ते पाण्यात विरघळत नाही आणि घासताना पृष्ठभागावर घट्ट बसतं. बाथरूमच्या बाटलीतलं हायड्रोक्लोरिक ॲसिड जे बनवतं ते पाण्याबरोबर वाहून जातं आणि मागे खड्डा राहतो. तरीही ऑक्झॅलिक विषारी आहे: हातमोजे घाला, पावडर उडू देऊ नका, मुलांपासून दूर ठेवा. आणि ती ओतून, फासून ठेवायची वस्तू नाही.

कडाप्प्याच्या ओट्याबद्दल वेगळं सांगायला हवं. त्याचे चट्टे लपवायला खोबरेल तेल चोळायची पद्धत आहे. तेल खड्ड्यांत भरतं, ओटा काळाभोर दिसतो, आठवड्याभरात भांड्यांच्या साबणाने तेल निघून जातं आणि चट्टे परत. मध्ये जे तेल राहतं ते हवेने चिकट होतं, त्यावर पीठ आणि धूळ बसते. मला ही पद्धत पटत नाही. ओटा फार खराब झाला असेल तर मशीनने एकदा नीट घासून घ्यावा. पूर्ण आरशासारखी चमक कडाप्प्यावर रोजच्या स्वयंपाकात टिकत नाहीच. त्यापेक्षा मंद, एकसारखी, मखमली घासाई मागावी. तिच्यावर पुढचे चट्टे फारसे उठून दिसत नाहीत.

सिंकजवळचा पांढरा पट्टा

बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत हे हमखास. पाणी उडून जातं, त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम मागे राहतो. रोज थोडा थोडा.

ग्रॅनाइटवर हे काढणं सोपं आहे. आधी वरच्या लिंबाच्या परीक्षेने खात्री करा, मग व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन फडकं भिजवा, पट्ट्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, पाण्याने धुवा, कोरडं करा. पुट जाड असेल तर दोनदा. हा रोजचा उपाय नाही, कारण सांध्यांतल्या सिमेंटच्या ग्राउटला आम्ल मानवत नाही.

मार्बल आणि कडाप्प्यावर मात्र खरी पंचाईत. क्षारांचं ते पुट कॅल्शियम कार्बोनेटचं आणि खालचा दगडही कॅल्शियम कार्बोनेटचा. पुटाला विरघळवेल ते दगडालाही विरघळवतं, त्यामुळे व्हिनेगर इथे बाद. साबणाचं पाणी लावून ओल्या पृष्ठभागावर प्लास्टिकच्या पट्टीने धीराने खरवडायचं. उरलेलं पॉलिशवाल्याच्या डायमंड पॅडवर, म्हणजे मशीनला लावायच्या घासायच्या चकतीवर सोपवायचं. मग नळ गळत असेल तर वॉशर बदला, सिंकच्या कडेचं सिलिकॉन फाटलं असेल तर नवं भरून घ्या आणि रात्रीची भांडी झाल्यावर सिंकभोवती कोरडं फडकं फिरवा. तेवढं एक फडकं वर्षभराचं खरवडणं वाचवतं.

फराटे

चमक सगळीकडून गेलीय, पण चट्टा असा कुठे नाही, चालताना पावलांचे ठसे उमटतात. एक फरशी निवडा. कोमट पाणी, लिक्विड साबणाचे दोन-चार थेंब, पुसून घ्या. मग दोनदा साध्या पाण्याने, दर वेळी पाणी बदलून. कोरडी करा. शेजारच्या फरशीपेक्षा ती उजळ दिसली तर दगड ठणठणीत आहे, वर क्लीनरचा थर साचलाय. सगळं घर एकदा असंच धुऊन काढा आणि पुढे बादलीत बाटलीवर लिहिलंय तेवढंच क्लीनर घाला. "जास्त घातलं की जास्त स्वच्छ" या समजुतीनेच हा थर बसतो. मेण लावत असाल तर तेही थांबवा. ते पिवळं पडतं, घसरतं आणि धूळ धरतं.

सांध्यांतून येणारी भुकटी

हे फरशीचं दुखणं नाही, फरशीखालच्या पाण्याचं आहे. ओल खालून वर येते, येताना सिमेंटमधले आणि मातीतले क्षार घेऊन येते, वर पाणी उडतं, क्षार राहतो. नवीन घरात फरशीखालचा माल सुकेपर्यंत काही महिने असं होऊ शकतं आणि मग आपोआप थांबतं. जुन्या घरात दोन पावसाळ्यांनंतरही थांबत नसेल तर पाणी कुठून येतंय ते शोधावं लागतं: बाथरूमचा ट्रॅप, भिंतीतला पाइप, गॅलरीचा उलटा उतार, कुंड्यांखाली साचणारं पाणी.

भुकटी आधी कोरड्या ब्रशने झाडून किंवा व्हॅक्यूमने काढा. ओल्या फडक्याने पुसली तर क्षार पाण्यात विरघळतो आणि पुन्हा दगडात शिरतो. ओल आहे का हे पाहायला हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने फरशीवर चिकटवा आणि चोवीस तास ठेवा. खालच्या बाजूला पाणी जमलं किंवा फरशी गडद झाली तर ओल खालून येतेय. कागदाच्या वरच्या बाजूलाच पाणी असेल तर तो हवेतला दमटपणा. पहिल्या पावसाच्या आधी किनारपट्टीवर गार फरशीला जो घाम फुटतो तो हाच, आणि त्याला पंखा पुरतो.

खालची ओल थांबेपर्यंत सिलर, म्हणजे दगडाची बारीक छिद्रं बुजवणारं द्रव्य, मुळीच लावू नका. वरून तोंड बंद केलं की क्षार दगडाच्या आतच खडा धरतात आणि वरचे पापुद्रे सुटायला लागतात. तळमजल्यावरच्या शहाबादी आणि कोटा फरशीचे असे सुटलेले पदर पुष्कळांनी पाहिले असतील.

पांढरे नव्हे, गडद डाग

हे ओलं केल्यावर जात नाहीत, कारण काहीतरी आत शिरलेलं असतं. घासून उपयोग नाही, बाहेर ओढून घ्यावं लागतं. ताजमहालाच्या पिवळ्या पडलेल्या मार्बलवर पुरातत्त्व खातं मुलतानी मातीचा लेप देतं तो याच तत्त्वावर: लेप सुकताना आतली घाण आपल्याकडे खेचतो.

घरी तेलाच्या डागासाठी खाण्याचा सोडा आणि थोडं लिक्विड साबणाचं पाणी यांचा दाट लेप, अर्ध्या बोटाच्या जाडीचा, डागाच्या कडेबाहेर जाईल एवढा लावा. वर प्लास्टिक, कडेने चिकटपट्टी. एक दिवस तसंच. मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण सुकू द्या; खेचण्याचं काम या सुकण्यातच होतं, आणि घाईने ओलाच लेप काढणाऱ्याला वाटतं की उपाय फसला. जुना डाग दोन-तीन लेप मागतो.

हळदीचा डाग साबणाने लाल होतो, त्याने घाबरून जाऊ नका; हळदीतलं कुर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं. ते उन्हाने फिकं पडतं, म्हणून खिडकीजवळच्या ओट्यावरची हळद थोड्या दिवसांत जाते. ऊन पोचत नसेल तर पांढऱ्या मार्बलवर सोड्याचा लेप केमिस्टकडच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कालवून लावा. काळ्या दगडावर पेरॉक्साइड नको, रंग उडू शकतो.

गॅस सिलिंडरच्या रिंगचा तांबूस डाग सगळ्यांत हट्टी. गंज काढायची बहुतेक औषधं आम्लाची, म्हणजे मार्बल आणि कोट्याला वर्ज्य. "मार्बलसाठी, आम्लविरहित" असं स्पष्ट लिहिलेलंच गंजनाशक घ्या. सिलिंडर ट्रॉलीवर ठेवला नाही तर डाग पुन्हा पडणार, कारण फरशी पुसताना रिंगखाली पाणी राहतंच.

एक गोष्ट जिवावरची: ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठ एक वापरूही नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो प्राणघातक ठरू शकतो.

सिलर आणि पॉलिशवाला

सिलर डाग आत शिरू देत नाही, पण आम्लापासून वाचवत नाही. विकणारे हे सांगत नाहीत आणि लोक सिलर मारलेल्या मार्बलवर निर्धास्त लिंबू कापतात. लागतो का ते पाहायला दगडावर चमचाभर पाणी ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुसा. खाली गडद ठसा राहिला तर सिलर हवा. नाही राहिला तर पैसे वाचवा. घट्ट काळ्या ग्रॅनाइटला बरेचदा लागतच नाही.

पॉलिशवाला बोलवाल तेव्हा आधी विचारा की तो कोणत्या नंबरच्या पॅडने सुरुवात करणार आणि कुठपर्यंत जाणार. नंबर जितका मोठा तितकी घासाई बारीक. खोल ओरखड्यांना साठ-एकशेवीसपासून चढत जावं लागतं, नुसती चमक गेली असेल तर चारशे किंवा आठशेपासून सुरू करून तीन हजारापर्यंत पुरतं. मधला नंबर गाळला की त्याचे ओरखडे शेवटच्या चमकेखाली राहतात आणि खिडकीतून तिरपं ऊन आलं की दिसतात. एखाद्या कोपऱ्यात आधी हातभर जागा करून दाखवायला सांगा, ती वाळू द्या, आणि आडव्या टॉर्चने पाहून मगच बाकीच्या घराला हो म्हणा. शेवटी ॲसिडने धुऊन देतो म्हणाला, तर साध्या पाण्यानेच धुवायला लावा.